उतारावरचे नऊ

९ जानेवारी

निवृत्त झालो त्या दिवशी दैनंदिनी बंद केली होती, कारण लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं. आज पुन्हा वही उघडली. उत्सव समितीने लढाईच्या फलकाचं काम माझ्याकडे सोपवलं आहे. ठराव एकमताने झाला. खरं सांगायचं तर बैठकीला सहाच जण होते आणि त्यातले दोघे चहा कधी येतो याकडे डोळे लावून बसले होते. तरी एकमत ते एकमत.

यंदा लढाईला सातशे वर्षं पूर्ण होतात. नदी जिथे पायी ओलांडता येते त्या उतारावर दगडी फलक बसणार, त्यावर लढाईचा नकाशा आणि खाली मजकूर. नकाशा काढायला या गावात माझ्याखेरीज आहे कोण? चौतीस वर्षं मोजणी खात्यात काढली. माझी फीत पडली नाही असं एक कुंपण सापडायचं नाही.

समितीच्या अध्यक्षांना सगळं गाव पाठीमागे तोफखाना म्हणतं. त्यांनी मजकूरही तिथल्या तिथे सांगून टाकला. "चारशे वीरांनी दहा हजार शत्रूंना सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत याच जागी रोखले." शाळेत आम्ही हेच घोकलं. अजूनही ऐकलं की छाती भरून येते.

घरी येऊन हिला सांगितलं. ही शिवणयंत्रावर होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे परत मोजणार?" त्या 'परत'मध्ये काय आहे ते मला कळतं. मी फीत शोधायला गेलो.

१२ जानेवारी

आज उतार मोजला. खात्याचा मदतनीस आता कुठून आणणार, म्हणून फितीचं दुसरं टोक हिच्या हातात दिलं. "ताणून धर" म्हटलं की सैल सोडते आणि "सोड" म्हटलं की ताणते. पण थंड पाण्यात दीड तास उभी राहिली, कुरकुर केली नाही. हे नोंदवायला हवं.

दोन खडकांमधली वाट आठ मीटर दहा सेंटीमीटर भरली. तीनदा मोजली. दोन्ही अंगांना खोल डोह, त्यामुळे दुसरीकडून यायची सोय नाही. खडक अखंड आहेत, ते काही सातशे वर्षांत सरकलेले नाहीत. मग हिच्या हातात घरून आणलेलं मोठं ताट ढालीसारखं दिलं आणि माणसाला लागणारी जागा मोजली. नव्वद सेंटीमीटर. भागाकार तोंडी झाला. या वाटेत एका वेळी नऊ माणसं मावतात. दहावा घुसला तर कुणाला हात हलवता येणार नाही.

पलीकडे नदी आणि टेकडी यांच्यामध्ये जेमतेम चाळीस बाय चाळीस मीटरचं मैदान आहे. ढालीला ढाल लावून उभे केले तरी दोन हजारांच्या वर माणूस जात नाही. घोडे असतील तर त्याहून कमी.

त्या काठावर माझ्या धाकट्या भावाचं सुतारकामाचं दुकान दिसतं. दार उघडं होतं. अकरा वर्षांपूर्वी गावाचा नवा नकाशा करताना त्याच्या इथल्या दुकानाची दर्शनी भिंत बासष्ट सेंटीमीटर रस्त्यात आलेली निघाली. मी तशी नोंद केली आणि ती भिंत पाडावी लागली. तो हत्यारं उचलून नदीपलीकडे गेला, तेव्हापासून बोलणं बंद. आज आम्ही तिकडे बघितलं नाही. म्हणजे मी बघितलं नाही. ही दोनदा हात हलवत होती, माश्या वारत असावी.

१७ जानेवारी

बैठक. मी आकडे मांडले. सगळे एकदम बोलायला लागले.

"दहा हजार मावत नाहीत म्हणजे काय?" तोफखाना गरजले. "बाकीचे टेकडीमागे असतील की!"

"टेकडीमागे बसलेल्याला रोखलं असं कसं म्हणायचं?"

"मनात तर यायचं होतं ना त्यांच्या? तेच रोखलं!"

मुख्याध्यापिकाबाई गेली वीस वर्षं उत्सवात लढाईचं नाटक बसवतात. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी गावातल्या दोन पिढ्यांना चारशे आणि दहा हजार शिकवलेत. आता काय घरोघर जाऊन पुसून येऊ?" हे मला लागलं, कारण बाई उगाच बोलत नाहीत.

मी सांगितलं, मजकुरात माझा आकडा येणार नसेल तर नकाशावर माझी सहीही येणार नाही. तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "आधी भावाची भिंत पाडली, आता पूर्वजांची पाडतोय." हसले सगळे. कोण बोललं ते मी वळून बघितलं नाही.

मला गावाचा अभिमान नाही असं यांना वाटतं. अरे, मला इतका आहे की त्यात एक माणूससुद्धा खोटा चालत नाही.

१८ जानेवारी

न्हाव्याकडे गेलो. अर्धी दाढी झाल्यावर वस्तरा हातात धरून तो म्हणाला, "माझे पणजोबांचे पणजोबा त्या चारशेत होते. तुमच्या नवांत आहेत का नाहीत, तेवढं सांगा." वस्तरा त्याच्या हातात होता. मी म्हटलं, आहेत.

२४ जानेवारी

पाच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं तोंड राहिलं नव्हतं. रस्त्यात लोक मला बघून बोटं मोजतात, नऊपर्यंत.

आज ही सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, "नऊच मावतात, तर बाकीचे दिवसभर काय करत होते?"

"वाट बघत असतील."

"कशाची?"

"आपल्या पाळीची," मी म्हटलं. ही दोरा ओवत राहिली.

नंतर मला एकदम सुचलं. अशा गोष्टी मला अशाच सुचतात. त्या गार पाण्यात ढाल घेऊन माणूस टिकणार किती? अर्धा तास. मग मागचे नऊ पुढे यायचे, पुढचे मागे जायचे. दिवसभर. म्हणजे चारशे होते! चारशे खरेच होते, पण एका वेळी नऊ. समोर दहा हजार असोत की दोन हजार, तेही एका वेळी नऊच. आणि सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत एकदाही त्या नवांतली एक जागा रिकामी राहिली नाही. दहा हजारांना एका झटक्यात हरवण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे. माझे डोळे भरून आले हे इथे लिहायला हरकत नाही.

२८ जानेवारी

पुन्हा बैठक. मी म्हटलं, नाटक नको. त्या दिवशी उतारावर आपण खरोखर उभे राहू. साडेअकरा तास, अर्ध्या अर्ध्या तासाच्या तेवीस पाळ्या, पाळीत नऊ माणसं. दोनशे सात. तेव्हा चारशे लागले, कारण जखमींच्या जागाही भराव्या लागत. समोरून पलीकडच्या गावाचे तितकेच. दर पंधरा मिनिटांनी शाळेची घंटा होईल आणि ढालीला ढाल लावून पाच मिनिटं खरी रेटारेटी होईल.

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढून पुसला. "मुलांना यातलं काही पाठ करावं लागणार नाही," एवढंच म्हणाल्या, पण चेहरा खुलला होता.

तोफखाना मात्र हुशार माणूस. म्हणाले, "ठरलं. संध्याकाळपर्यंत रांग टिकली तर तुझा फलक. 'एका वेळी नऊ' असंच कोरू. पण एक जागा रिकामी पडली आणि नऊ आकडे मोजेपर्यंत भरली नाही, तर रांग तुटली. मग दहा हजार. आणि नकाशावर सही तुझीच."

मी हात पुढे केला. त्यांनी तो इतका दाबला की अजून दुखतोय.

६ फेब्रुवारी

आपली दोनशे सात माणसं जमवता जमवता जीव मेटाकुटीला आला. ज्याला त्याला पहिली पाळी हवी नाहीतर शेवटची. दुपारी दोनची कुणालाच नको. पूर्वजांनी काय निवड केली होती का?

त्यात पलीकडच्यांनी निरोप पाठवला, 'आम्ही मरायला येणार नाही.' त्यांचं बरोबर आहे. वीस वर्षं ते शत्रू होऊन येतात, दहा मिनिटांत आडवे पडतात आणि आपली पोरं टाळ्या पिटतात. मी त्यांना रीतसर पत्र लिहिलं, दोन पानी, तीन प्रतींत. नेऊन द्यायला मी स्वतः गेलो असतो, पण त्यांच्या चावडीची वाट धाकट्याच्या दारावरून जाते. ही म्हणाली, "आणा इकडे, मला तिकडे मैत्रिणीकडे जायचंच आहे." जाताना मोठा डबाही भरून घेतला.

चार वाजता परत आली ती होकार घेऊनच. त्यांची एकच अट, कुणी खोटं पडणार नाही, रेटायचं ते खरं. शेवटी पत्राची भाषा महत्त्वाची असते. हिच्या कपड्यांना लाकडाचा भुसा लागला होता. कुठेतरी टेकली असेल.

१३ फेब्रुवारी

शाळेच्या कोठारातल्या पुठ्ठ्याच्या ढाली पाण्यात दहा मिनिटं टिकल्या नसत्या. मी चिंतेत होतो. आज सकाळी दार उघडतो तर ओट्यावर अठरा ढाली! लाकडी, गोल, आतून चामड्याची मूठ. चिठ्ठी नाही, काही नाही.

"कुठून आल्या?" मी हिला विचारलं.

"आल्या कुठून तरी. आत घ्या, दव पडलंय."

फीत आणली. अठराच्या अठरा बरोबर नव्वद सेंटीमीटर, मिलिमीटरचा फरक नाही. खिळा कुठेच नाही, सगळे सांधे खाचेत बसवलेले, आमचे वडील करायचे तसे. जुने कारागीर सगळे असेच करायचे. माझ्या कामाची कदर असलेला कुणीतरी आहे आणि त्याला मापाची चाड आहे, हे बघून फार बरं वाटलं. कुठल्याशा दूरच्या गावचा असावा. इथे असा माणूस असता तर मला ठाऊक नसता का?

२० फेब्रुवारी

सराव. पाणी मांडीपर्यंत. पहिल्या दहा मिनिटांत पाय आहेत की नाहीत ते कळत नाही, मग कळतं आणि नकोसं होतं. माझा उजवा गुडघा दोनदा दगा देऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी तो दाबून बघितला आणि म्हणाल्या, "काठावर खुर्ची टाकून बसा. पाण्यात उतरायचं नाही." पाळ्यांमध्ये एकाच माणसाने लागोपाठ उभं राहायचं नाही, असंही त्यांनी सगळ्यांना बजावलं.

मी शेवटच्या पाळीत माझं नाव आधीच लिहून ठेवलं आहे, मधली जागा, पाचवी. नाव खोडायचं म्हणजे नोंदवही घाण होते. हिला अजून सांगितलेलं नाही. हिने माझ्यासाठी रुंद कमरपट्टा शिवायला घेतला आहे, आतून जाड अस्तर लावून. कशासाठी विचारलं तर म्हणाली, "पाठीला आधार." खुर्चीवर बसायला एवढा आधार?

२६ फेब्रुवारी

मुख्याध्यापिकाबाईंनी सात पाळ्या एकट्या भरल्या. माजी विद्यार्थी, त्यांच्या आया, शाळेचा शिपाई. दहाव्या पाळीत स्वतःचं नाव. वय एकसष्ट. मी म्हटलं, "बाई, पाणी गार आहे." म्हणाल्या, "वीस वर्षं मी काठावरून 'शूरपणे उभे राहा' असं ओरडतेय. एकदा बघू दे मला तरी." त्यांच्यासमोर उठून उभं राहावंसं वाटलं. उभा राहिलो.

१ मार्च

उद्या. सगळं तयार आहे. तेवीस पाळ्या, दोनशे सात नावं. तरी यादी परत दोनदा तपासली. एक जागा, नऊ आकडे. एवढ्यावर सातशे वर्षांचा मजकूर ठरणार.

आज एक गोष्ट लिहून टाकतो. ती भिंत मोजली तेव्हा फितीच्या दुसऱ्या टोकाला धाकटाच होता. मदतनीस रजेवर होता म्हणून मीच त्याला हाक मारली होती, आणि तो हसत हसत आला होता. आकडा वाचला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. रस्ता रुंद होता. बासष्ट सेंटीमीटरने कुणाचं काही अडत नव्हतं. मी मान खाली घालून लिहिलं. माप बरोबरच होतं, आजही म्हणेन. पण लिहून झाल्यावर मी त्याला 'आता कसं करशील?' एवढंसुद्धा विचारलं नाही. फीत गुंडाळली आणि घरी येऊन जेवलो. ते जेवण आठवलं की मला माझी लाज वाटते.

३ मार्च, सकाळ

काल घरी येताच आडवा झालो, वही उघडलीच नाही. आज सगळं क्रमाने लिहितो.

सूर्योदयाला दोन्ही काठांवर माणूसच माणूस. मी नियम वाचून दाखवले. रेटायचं ते ढालीनेच. समोरच्याला हाताने धरलं, ओढलं किंवा आधार दिला तर ती पाळी बाद, म्हणजे रांग तुटली. पंच म्हणून घंटेपाशी स्वतः तोफखाना, नव्या कोऱ्या रेशमी पोशाखात. नोंदवही माझ्याकडे. प्रत्येक पाळीपुढे नऊ नावं आणि 'निर्दोष' किंवा 'बाद'.

पहिली पाळी पहाटे उठायची सवय असलेल्यांची, दूधवाले आणि पेपरवाले. पाण्यात असे उतरले जणू रोजचंच आहे. पलीकडचे पहिल्या घंटेलाच असे भिडले की ढालींचा आवाज टेकडीपर्यंत गेला. वीस वर्षं आडवे पडण्याचा राग होता त्यात. आमचे अर्धं पाऊल सरकले, पण थांबले. काठावर एवढा आरडाओरडा झाला की मला लिहिताना ओळ चुकली.

दहाव्या पाळीत मुख्याध्यापिकाबाईंचा चष्मा नदीत गेला. "बाई, वाकू नका!" म्हणून मुलं ओरडली. बाई वाकल्या नाहीत. समोर कोण आहे ते न दिसता पंचवीस मिनिटं उभ्या राहिल्या. वर आल्यावर म्हणाल्या, "दिसत नसलं की भीतीही कमी वाटते."

दोन वाजता घात झाला. ती पाळी दुकानदारांची. काठावर एवढी गर्दी होती की गिऱ्हाईक सोडवेना, आणि नवांपैकी पाचच आले. आधीचे नऊ बाहेर पडले, त्यांचे ओठ निळे झाले होते, त्यांना परत उतरवणं शक्य नव्हतं. रांगेत चार भोकं. तोफखान्यांनी घंटा खाली ठेवली आणि मोजायला सुरुवात केली.

"एक. दोन."

मी उठलो. खुर्ची पडली. तीन म्हणेपर्यंत न्हावी गर्दीतून धावत आला, गळ्यात टॉवेल तसाच. त्याच्यामागे त्याचं गिऱ्हाईक, एका गालाला साबण. दोघांनी पाण्यात उड्या घेतल्या. पाच म्हणेपर्यंत ही उतरली. माझी ही! ढाल उचलून सरळ जाऊन उभी राहिली, मला न विचारता. उरली एक जागा, खडकाजवळची.

"सात," तोफखाना म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. नऊ म्हटलं की दहा हजार त्यांचे होते, दगडावर कोरलेले. त्यांनी त्या रिकाम्या जागेकडे बघितलं. पलीकडचे नऊ ढाली टेकवून वाट बघत होते, त्यांच्यातलाही कुणी हसत नव्हता.

"आठ," म्हणाले, आणि रेशमी पोशाखासकट पाण्यात गेले. ढाल घेतली, जागा भरली, आणि तिथून माझ्याकडे बघून ओरडले, "बघतोस काय? लिही!"

मी लिहिलं. अध्यक्ष, पंधरावी पाळी, नववी जागा. या गावात जन्मलो याचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

शेवटची पाळी. मी वही मुख्याध्यापिकाबाईंच्या हातात दिली आणि पाण्यात उतरलो. डॉक्टरीणबाई काहीतरी ओरडल्या, तेवढ्यात हिने त्यांना बोलण्यात गुंतवलं. पाचव्या जागेवर उभा राहिलो, ढाल वर केली आणि समोर बघितलं तर धाकटा.

अकरा वर्षांत केस पांढरे झालेत त्याचे. हात तसेच, मोठे. योगायोग म्हणायचा, पलीकडेही पाचव्या जागेवर नेमका तोच यावा.

घंटा झाली. भिडलो. ढालीला ढाल, आमच्या तोंडांत वीतभर अंतर.

"दादा, गुडघा सरळ ठेव," तो हळूच म्हणाला.

"तू मला शिकवू नकोस. रेट."

"रेटतोय की."

"एवढंच?"

त्याने जोर लावला. मीही लावला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "माप बरोबर होतं, दादा. मी दुसऱ्या दिवशी परत मोजलं. बासष्टच."

"मग अकरा वर्षं बोलला का नाहीस?"

"तू आलास का एकदा तरी बघायला, कुठे बसतोय, काय करतोय?"

एरवी माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. "चुकलं माझं," मी म्हटलं. लिहायला सोपं वाटतंय, पण साडेअकरा तासांत त्या उतारावर याहून जड काही उचललं गेलं नसेल.

त्याची ढाल थरथरली, थंडीने.

शेवटची घंटा झाली आणि गुडघा गेला. अगदी क्षणभर. पाय खाली आहे असंच वाटेना, पाणी छातीकडे आलं. तेवढ्यात ढालींच्या खालून त्याने माझा कमरपट्टा मुठीत धरला. घट्ट, दोन्ही हातांनी म्हणाना, कारण त्याची ढाल नुसती खांद्यावर टेकली होती. मी उभाच राहिलो. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या डोक्यावरून गावाकडे बघत होता. किती वेळ, सांगता येत नाही. मग टेकडीमागे सूर्य गेला आणि दोन्ही काठांवरून एकच आवाज उठला. रांग टिकली होती.

हात सोडताना तो म्हणाला, "वहिनीला सांग, डबा धुऊन पाठवतो." कुठला डबा? थकव्याने बरळत असावा.

५ मार्च

गुडघा टम्म सुजला आहे. डॉक्टरीणबाई येऊन बोलून गेल्या, त्यातलं काही इथे लिहिण्याजोगं नाही. धाकटा काल आणि आज दोन्ही दिवस आला. हिने त्याला काही न विचारता चहात साखर कमी घातली. त्याला कमी लागते हे हिच्या अजून लक्षात आहे, बायकांची स्मरणशक्ती अजब असते.

गावात बोललं जातंय की धाकट्याने धरून ठेवलं म्हणून मी उभा राहिलो. साफ खोटं. तो शत्रूपक्षाचा माणूस, मला खेचायलाच त्याने पट्टा धरला असणार, आणि मी खेचला गेलो नाही. हे मी हिला दोनदा समजावून सांगितलं. "बरोबर आहे," म्हणाली आणि तोंड फिरवून हसली. यात हसण्यासारखं काय आहे?

पण कशासाठीही असो, हात लावला होता. नियम मीच वाचला होता. ती पाळी बाद, रांग तुटली, आणि फलकावर दहा हजार. शिवाय रांग कुणी तोडली म्हणून गाव वर्षानुवर्षं त्याचंच नाव घेणार. दुपारी अध्यक्ष वहीवर सही करायला घरी आले. सर्दीने नाक लाल झालेलं. बावीस पाळ्यांपुढे नोंद होती, तेविसावी मी भरायची राहिली होती. बाईंनी मुद्दाम कोरी ठेवली होती, म्हणाल्या की त्यांना चष्म्याशिवाय काही दिसलं नाही.

"शेवटच्या पाळीत काही झालं का?" अध्यक्षांनी विचारलं. ते घंटेपाशी होते, आमच्यापासून सहा मीटरवर.

मी लेखणी घेतली आणि लिहिलं, 'निर्दोष'.

त्यांनी ते वाचलं. माझ्याकडे बघितलं. खाटेजवळच्या स्टुलावर बसलेल्या धाकट्याकडे बघितलं. "नक्की?"

"माझी नोंद आजवर कधी चुकली आहे?"

त्यांनी सही केली, नाक पुसलं आणि दगड कोरणाऱ्याकडे गेले.

चौतीस वर्षं नोकरी आणि सहा वर्षं निवृत्ती. एवढ्या काळात मी केलेली ही पहिली खोटी नोंद. पुन्हा पुन्हा वही उघडून बघतोय. अक्षर फार सुरेख आलं आहे.